जिनच्या बाटलीतलं पाणी

१

जिनच्या बाटलीत पाणी निघालं, तेव्हा सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि पाहुणे साडेअकराला यायचे होते.

धाकटीने आधी स्वतःच्या जिभेवरच संशय घेतला. टेबल लावून झालं की पहिला ग्लास आपण स्वतः बनवून चाखायचा, हा तिचा नियम होता. त्याप्रमाणे तिने काकडीच्या दोन चकत्या आणि पुदिन्याची पानं लाकडी दट्ट्याने हलकेच चेचली, लिंबाचा रस पिळला, आल्याचा पाक घातला आणि त्यावर दोन मापं जिन ओतली. घोट घेतला तर सरबत लागलं. तिने बाटलीतलं चमचाभर नुसतंच तोंडात घेतलं. ते साधं पाणी होतं.

आठ खोल्यांचं ते गेस्टहाउस तिघांचं होतं. स्वयंपाकघर आईचं, पाहुण्यांची उठबस धाकटीची, आणि गेल्या वर्षभरात आईच्या हाताखाली उभा राहिलेला दादा. रविवारच्या ब्रंचला व्हरांड्यात 'आपलं कॉकटेल आपणच बनवा' असं टेबल लावायचं, ही कल्पना धाकटीची. आजचा पहिलाच रविवार. टेबल असं देखणं लागलं होतं की पाहणाऱ्याने दोन पावलं मागे जाऊन पुन्हा पाहावं. डावीकडून उजवीकडे पाहुणा जसा सरकेल तसा सगळा क्रम होता. आधी ग्लास आणि ते बुडवायला मिठाची बशी, मग फळं, मग रस आणि पाक, मग दारू, शेवटी सोडा आणि बर्फ. कंपन्यांच्या बाटल्या बघून नवखा माणूस बुजतो, म्हणून तिने सगळं एकसारख्या, बुचाच्या काचेच्या बाटल्यांत ओतून गळ्यात दोऱ्याने चिठ्ठ्या बांधल्या होत्या. प्रत्येक पेयाची कृती चार ओळींत लिहून उभी केली होती. दारू नको असलेल्यांसाठी वेगळं टेबल न मांडता तिने त्याच टेबलावर तितक्याच दिमाखात पाच पेयं ठेवली होती. कुणाला कोपऱ्यात बसल्यासारखं वाटू नये, एवढाच हेतू. हे तिला सुचलं ते दादामुळे.

कारण दादाने दारू सोडून अकरा महिने झाले होते. सोडली तेव्हा घर मोडायच्या बेतात होतं. वहिनी पाच वर्षांच्या मुलीला घेऊन माहेरी गेली होती आणि जाताना एवढंच म्हणाली होती की पुन्हा एक घोट जरी घेतलास, तर तोंड दाखवू नकोस. आज इतक्या महिन्यांनी ती पहिल्यांदा येणार होती, तीही साडेअकरालाच. परत नांदायला यायचं की नाही, हे ती आज ठरवणार होती. म्हणूनच धाकटीने बारचा बेत पुढे ढकलायचं म्हटलं होतं. दादानेच ढकलू दिलं नाही. जग काय माझ्यासाठी कोरडं राहणार आहे का, असं म्हणून तो हसला होता आणि आज सकाळी त्यानेच काकड्या कापल्या होत्या, कागदासारख्या पातळ.

काल संध्याकाळी धाकटीने स्वतःच्या हाताने लिटरभर जिन बाटलीत ओतली होती. बाकीच्या खोल्या रंगकामासाठी बंद होत्या. तिच्याखेरीज घरात चारच माणसं होती. आई, दादा, कालच राहायला आलेली मावशी, आणि पाच नंबरच्या खोलीत महिनाभर मुक्काम ठोकून असलेले कप्तान. आई आणि मावशी दारूला शिवत नव्हत्या. कप्तानांची स्वतःची बाटली त्यांच्या कपाटात असे.

मग उरलं कोण, हे मोजायला बोटंही लागत नव्हती.  धाकटी मागच्या अंगणात गेली. धुण्याच्या बादलीत दादाचा निळा शर्ट भिजत पडला होता. तिने बाही उचलून नाकाला लावली. शर्टाला जिनचा वास येत होता.

२

दादा कोठीघरात ग्लास पुसत होता. धाकटीने बाटली त्याच्यासमोर ठेवली आणि विचारायचं ते विचारलं.

"मी प्यायलो नाही," तो म्हणाला.

"मग जिन गेली कुठे? आणि शर्टाला वास कसला?"

दादाने ग्लास उजेडात धरून पाहिला, पुन्हा पुसला आणि खाली ठेवला. "मी प्यायलो नाही. बाकीचं मला विचारू नकोस."

हेच ते वाक्य. पूर्वी तो प्यायचा तेव्हाही असंच काहीतरी म्हणायचा, आणि ते खोटं असायचं. धाकटीचं डोकं फिरलं. अकरा महिने तिने या माणसाचं कौतुक केलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला, माझा भाऊ बघा, असं सांगितलं होतं. वहिनी पोरीला घेऊन इथे येणार आणि हे असं बघणार, त्यापेक्षा आलेलीच नको, असं तिला वाटलं. तिने व्हरांड्यात येऊन वहिनीला फोन लावला आणि सांगून टाकलं की बाटलीभर जिन गेली, दादाने बहुतेक पुन्हा घेतली आहे, आज येऊ नकोस.  वहिनीने फोन ठेवून दिला.

धाकटी वळली तर मागे मावशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. बत्तीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या औषधभांडारात तिने बाटल्या, पुड्या आणि खोकी तपासली होती. एकदा चार हजार बाटल्यांच्या ढिगातून तिने नुसत्या झाकणाच्या रंगावरून चुकीचं औषध बाजूला काढलं होतं, ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. निवृत्त झाली तरी डोळा निवृत्त झाला नव्हता. आल्या आल्या तिने चहाच्या किटलीची दांडी ढिली असल्याचं सांगितलं होतं आणि ती खरंच ढिली होती.

"फोन करायची घाई केलीस," मावशी म्हणाली. "होऊन गेलं ते गेलं. आण ती बाटली इकडे."

तिने दोन चमचे पाणी तोंडात घोळवलं. मग स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी मागवलं आणि तेही घोळवलं. धाकटीला हसावं की रडावं कळेना.

"अगं मावशी, पाणी ते पाणी."

"असं बोलली असतीस तर माझ्याकडे तुला एक दिवस कामावर ठेवली नसती," मावशी म्हणाली. "आता ऐक. हे कुणी केलं, ते मला सांगू नकोस. काल संध्याकाळपासून आजपर्यंत या घरात नेहमीपेक्षा वेगळं काय काय झालं, तेवढंच सांग. कितीही फालतू असो."

धाकटीने आठवून सांगितलं. संध्याकाळी सगळ्या बाटल्या भरून ओट्यावर ठेवल्या. चिठ्ठ्यांची शाई ओली होती, म्हणून त्या रात्रभर वाळत घातल्या आणि सकाळी बांधल्या. बर्फ काचेसारखा नितळ व्हावा म्हणून दोनदा उकळून गार केलेलं पाणी तसल्याच एका बाटलीत भरलं आणि त्याचे चार ट्रे लावून ठेवायला आईला सांगितलं. दादा तेव्हा टेबलं आणायला बाहेर गेला होता. आईने ट्रेमध्ये फुलांच्या पाकळ्या घालून ते फ्रीजरमध्ये ठेवले. पण फ्रीज दगा देऊन गेला, बर्फ जमलाच नाही. सकाळी दादा साडेसहाला बर्फवाल्याकडे जाऊन दोन पिशव्या घेऊन आला.

"बर्फ जमला नाही, हे तुला कुणी सांगितलं?"

"आईने. आईला दादाने."

"आणि ते ट्रे?"

"दादानेच रिकामे केले."

मावशीने बाटलीचं बूच घट्ट लावलं. "चल, कप्तानांना भेटू."

३

कप्तान आयुष्यभर मालवाहू जहाजांवर होते. खोलीत सगळं इतकं जागच्या जागी की चादरीला सुरकुती सापडू नये. त्यांनी मावशीला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. धाकटीने चुपचाप दारात थांबायचं ठरवलं.

मावशीने हवापाण्याच्या गप्पा मारल्या, मग सहज विचारावं तसं विचारलं, की आज सकाळी भाचा इकडे आला होता का. कप्तानांचा चेहरा पडला. मला हे बोलायचं नव्हतं, असं ते म्हणाले. पण विचारलंय तर खोटं सांगणार नाही. सकाळी सातच्या सुमाराला दादाने दार वाजवलं आणि जिनची बाटली मागितली. कप्तानांना त्याची सगळी हकीकत ठाऊक होती. त्यांनी साफ नाही म्हटलं आणि दार लावून घेतलं.

 इतका वेळ धाकटीच्या मनात कुठेतरी एक कवडसा उरला होता, तोही विझला. मावशी मात्र खुर्चीत आणखी सरसावून बसली.

"नेमके शब्द सांगा. त्याला काय म्हणायचं होतं ते नको, तो काय म्हणाला ते सांगा."

कप्तानांनी डोळे बारीक केले. "म्हणाला, तुमच्याकडे न फोडलेली बाटली असेल तर द्या, दुकान उघडलं की नवी आणून देतो."

"पुढे?"

"पुढे म्हणाला, माझ्या हातात देऊ नका. तुम्हीच दहाच्या आत व्हरांड्यातल्या टेबलावर नेऊन ओता." त्यांनी मान झटकली. "मला ते नाटक वाटलं. पिणारी माणसं फार हुशार बोलतात हो. मी खूप पाहिलीत."

"मीही पाहिलीत," मावशी म्हणाली. "पण माझ्या हातात देऊ नका, असं म्हणणारा पिणारा पाहिला नाही. तुम्ही पाहिलात?"

 कप्तान हळूच म्हणाले, "नाही."

मावशीने त्यांचे आभार मानले. त्याच्या अंगाला वास येत होता का, हे तिने जाता जाता विचारलं. कप्तान म्हणाले, बाहीला येत होता, तोंडाला नाही. इतक्या वर्षांत तेवढा फरक मला कळतो. पण तेव्हा त्यांनी त्याचा विचार केला नव्हता.

जिन्यावर धाकटी मावशीच्या मागोमाग उतरत होती. अकरा वाजायला पाच मिनिटं होती. मावशीने चालता चालता एवढंच सांगितलं, की बाटलीतल्या पाण्याला क्लोरीनचा मागमूस नाही. तुमच्या नळाच्या पाण्याला मात्र तो भरपूर आहे.

"म्हणजे कुणी जिन पिऊन वर नळाचं पाणी भरलेलं नाही," मावशी म्हणाली. "ते तू उकळलेलं पाणी आहे. त्या बाटलीत पहिल्यापासून पाणीच होतं. आता विचार कर, बर्फाच्या ट्रेमध्ये काय गेलं?"

धाकटी जिन्यातच थांबली.

४

सकाळी ओट्यावर दोन बाटल्या होत्या. एक भरलेली, एक धुऊन पालथी घातलेली. पाणी बर्फाला गेलं, म्हणजे भरलेली ती जिन, असं धरून तिने चिठ्ठी बांधली होती. हुंगून बघायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. आणि त्यावरून आपण वहिनीला फोन करून बसलो, हेही तिला आठवलं. पण तरीही एक गोष्ट तिच्या डोक्यात बसत नव्हती. ट्रे आईने भरले होते. लिटरभर जिन ट्रेमध्ये ओतेपर्यंत आईला वास आला नाही, हे कसं शक्य होतं?

आईच्या नाकाची तर ख्याती होती. अंगणात बसून ती सांगायची की भट्टीतल्या पावाला अजून चार मिनिटं हवीत. या स्वयंपाकघरात तीस वर्षं एकाही बरणीवर नाव नव्हतं. आई झाकण उघडायची, हुंगायची आणि चमचा घालायची. चष्मा लावून चिठ्ठ्या वाचणं तिला कमीपणाचं वाटे. पाहुणे परत परत यायचे ते त्या नाकावर चाललेल्या स्वयंपाकासाठी.

आई शेगडीपाशी होती. मावशीने आधी फ्रीजर उघडला. लोण्याची वडी बोटाने दाबून पाहिली, ती दगड झाली होती. मटारही खडखडत होते. फ्रीजरला काहीही झालेलं नव्हतं. मग ती बरण्यांच्या फळीसमोर उभी राहिली. धाकटीही पाहू लागली. काही बरण्यांवर दादाच्या अक्षरात मोठमोठ्या चिठ्ठ्या होत्या. दादा शिकतोय, म्हणून त्याने त्या लावल्या असतील, असं समजून धाकटीने कधी लक्ष दिलं नव्हतं.

"कुठल्या बरण्यांवर आहेत बघ," मावशी पुटपुटली.

दालचिनीची पूड आणि जायफळाची पूड. व्हिनेगर आणि पाणी. व्हॅनिलाचा अर्क आणि त्याच रंगाचा दुसरा अर्क. तांदळावर नव्हती, मिरीवर नव्हती, डाळींवर नव्हती. डोळ्यांना ओळखू येतं त्यावर काही नाही. फक्त हुंगूनच कळेल, अशा जिनसांवर तेवढी नावं होती, आणि अक्षरं चष्मा नसलेल्यालाही दिसावीत इतकी मोठी होती.

तेवढ्यात दादा आत आला. आई कांदा परतत होती. तिने मान वळवली नाही. दादा शेजारी उभा राहिला, क्षणभर वाकला आणि बोटाने ओट्यावर एकदा टकटक केलं. आईने लगेच शेगडी बंद केली. मग तो भट्टीजवळ गेला, तिथेही थांबला आणि दोनदा टकटक करून ग्लासांचा ट्रे उचलून निघून गेला. आईने पावाचा तवा आणखी आत सारला.

धाकटीने हे महिनोन्‌महिने पाहिलं होतं आणि दादाची सवय म्हणून सोडून दिलं होतं.

मावशीने फळीवरून व्हिनेगरची बाटली काढली, चिठ्ठी तळहाताखाली झाकली आणि बूच काढून आईच्या नाकापुढे धरली. हातभर लांब उभ्या असलेल्या धाकटीच्या नाकात झिणझिण्या आल्या.

"आल्याचा पाक केलाय हिने," मावशी म्हणाली. "बघ गं, वास बरा आहे ना?"

आईने खोल श्वास घेतला. चेहऱ्यावर जाणकाराचं हसू आणलं.

"छान आहे," आई म्हणाली. "आलं ताजं होतं."

५

कोठीघराचं दार मावशीने आतून लावून घेतलं. दादा खोक्यावर बसला होता. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मावशी म्हणाली, मी बोलते, चुकेल तिथे टोक. मागच्या थंडीत तुझ्या आईला ताप आला होता, त्यात तिचा वास गेला. तो परत आलाच नाही. तिने कुणाला सांगितलं नाही. पण तू दिवसभर तिच्या शेजारी उभा असायचास, तुला कळलं. तेव्हापासून या स्वयंपाकघरातलं नाक तू आहेस. काल तू नव्हतास आणि चिठ्ठ्या वाळत होत्या. तिने दोनांतली एक बाटली उचलून ट्रे भरले, ती जिनची निघाली. घरगुती फ्रीजरमध्ये जिन गोठत नाही. सकाळी तू ट्रे बाहेर काढलेस, वास आला आणि सगळं उमगलं. ओतून देताना बाहीवर सांडली. बर्फ आणलास, आणि पाहुणे यायच्या आत बाटलीत खरी जिन जावी म्हणून कप्तानांच्या दारी गेलास. त्यांनी दार लावलं, तू येऊन शर्ट बदललास. मग तुझ्यापाशी उपाय उरला नाही.

"दुकान दहाला उघडतं," दादा म्हणाला. "दारापर्यंत गेलो होतो. आत पाय टाकवेना."

तो हे इतकं साधेपणाने बोलला की धाकटीला तिथेच रडू फुटलं. त्याच्या हातात सकाळी सहा वाजता चार ट्रे जिन होती, स्वयंपाकघरात चिटपाखरू नव्हतं, आणि त्याने ती मोरीत ओतली. एवढं करून आपल्याच बहिणीकडून बोलणी खाल्ली. आपल्या भावाबद्दल तिला इतका अभिमान आणि स्वतःची इतकी लाज एकाच वेळी कधी वाटली नव्हती.

"मला का नाही सांगितलंस?" तिने विचारलं.

"तू विचारलं असतंस, आईला वास कसा आला नाही."

"मग सांगायचं होतंस."

"तिने मला शपथ घातलीय. आणि तिला अजून माहीत नाही गं, हे तिच्या हातून झालं ते. तिला वाटतंय फ्रीज बिघडला. कळलं तर उद्यापासून ती शेगडीपाशी उभी राहणार नाही." त्याने हात पुसले. "मी प्यायचो तेव्हा रोज पहाटे मला उठवून तिने कणीक मळायला बसवलं. ओरडली नाही, उपदेश केला नाही. नुसती शेजारी उभी राहिली. आता मी तिच्या शेजारी उभा राहतो, एवढंच."

"आणि तुझी बायको?" मावशीने विचारलं.

दादाने पुसायचा ग्लास पुन्हा उचलला. धाकटीने डोळे पुसले आणि आपण वहिनीला फोन करतो, सगळं सांगतो म्हणाली. सांग, दादा म्हणाला, पण आईच्या कानावर जाऊ देऊ नकोस.

तिने तीनदा फोन लावला. वहिनीने उचलला नाही.

६

साडेअकराला पाहुणे आले आणि टेबलाभोवती जी झुंबड उडाली, ती पाहून एरवी धाकटी हरखून गेली असती. लोक चिठ्ठ्या वाचत होते, मिठात ग्लास बुडवत होते, एकमेकांच्या ग्लासातलं चाखून आपल्या कृतीची फुशारकी मारत होते. कप्तान कोट घालून खाली आले, त्यांनी आपली न फोडलेली बाटली फोडली आणि धाकटीसमोर रिकाम्या बाटलीत ओतली. मग दादासमोर जाऊन उभे राहिले आणि त्याचा हात हातात घेतला. दादाने त्यांना डाळिंबाच्या रसाचं बिनदारूचं पेय बनवून दिलं आणि त्यांनी ते संपवलं.

पावणेबाराला फाटकापाशी गाडी थांबली. वहिनी उतरली. पोरगी तिचं बोट सोडून झोपाळ्याकडे पळाली. वहिनी सरळ टेबलापाशी आली. धाकटी तिला बाजूला घ्यायला पुढे झाली, पण वहिनीने हाताने थांब अशी खूण केली.

"मला याच्या तोंडून ऐकायचंय," ती म्हणाली आणि दादाकडे वळली. "घेतलीस?"

"नाही."

"धाकटी सांगत होती बाटलीभर जिन गेली. कुठे गेली?"

आई नेमकी तेव्हाच पावाची परडी घेऊन बाहेर आली होती आणि दोन हातांच्या अंतरावर उभी होती. दादाने तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. धाकटीच्या ओठावर शब्द आले होते. मावशीने तिचं मनगट घट्ट धरलं.

"सांगता येणार नाही," दादा म्हणाला. "पण मी घेतलेली नाही."

वहिनीचा चेहरा दगडासारखा झाला. असली वाक्यं तिने सात वर्षं ऐकली होती. ती वळायला निघाली.

आईने परडी टेबलावर ठेवली. ती जिनच्या बाटलीकडे पाहत होती, मग बर्फाच्या भांड्याकडे, मग दादाच्या अंगावरच्या दुसऱ्या शर्टाकडे. ती बाई काही कमी हुशार नव्हती, मावशीचीच बहीण होती.

"लोणी तर दगड झालं होतं," आई हळूच म्हणाली. "सकाळी सुरी चालेना. तरी मी म्हटलं, फ्रीज बिघडला." मग ती सुनेकडे वळली. "त्याला विचारू नकोस. जिन मी बर्फाच्या ट्रेमध्ये ओतली. पाणी समजून. मला वास येत नाही, थंडीतल्या तापापासून. कांदा करपला तरी कळत नाही. हा रोज माझ्याशेजारी उभा राहून मला सांगतो, म्हणून तुम्ही सगळे जेवता."

दोन-चार पाहुण्यांचे ग्लास हवेतच राहिले. आईने पदराने तोंड पुसलं आणि ती ताठ उभी राहिली. धाकटी जाऊन तिला चिकटली. मावशीने मनगट सोडलं.

वहिनी दादाकडे पाहत राहिली. "हे तुला पहाटेपासून माहीत होतं?"

"हो."

"मी निघून गेले असते तरी बोलला नसतास?"

दादाने आईकडे पाहिलं. "तिच्यासमोर नसतो बोललो," तो म्हणाला. "नंतर तुझ्या दारात येऊन बसलो असतो. तू उघडलं असतंस की नाही, माहीत नाही."

वहिनीने पर्समधून गाडीची किल्ली काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"धाकटीचा फोन आला तेव्हा माझ्या डिकीत दोन बॅगा ठेवून झाल्या होत्या," ती म्हणाली. "त्या पुन्हा वर नेववेनात मला. जा, घेऊन ये."

दादा पायऱ्या उतरून फाटकाकडे गेला. बॅगा चांगल्या जड होत्या, तरी त्याने दोन्ही एकाच खेपेत आणल्या.